नवापूरहून रामनाथीला

१९८७ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस माणसांच्या दोन तुकड्या पश्चिम घाटाच्या दोन टोकांपासून एकमेकींच्या दिशेने पायी निघाल्या. एक उत्तरेस नवापूरहून, म्हणजे तेव्हाच्या धुळे व आताच्या नंदुरबार जिल्ह्यातून. दुसरी दक्षिणेस कन्याकुमारीहून. दोघींची गाठ पडावयाची होती ती आमच्या फोंडा तालुक्यात, रामनाथीला. तीन महिन्यांनी, १९८८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, ती तशी पडलीही. ‘पश्चिम घाट बचाव’ या नावाने ओळखली गेलेली ती पदयात्रा. घाटालगतच्या राज्यांतील शंभरावर लहानमोठ्या संस्था तीत सामील होत्या; महाराष्ट्रातून जगदीश गोडबोले, गोव्यातून ‘पीसफुल सोसायटी’चे कुमार कलानंद मणी यांच्यासारखे कार्यकर्ते ती उभी करण्यात अग्रभागी होते. गोवा त्या वेळी अवघे पाच महिन्यांचे राज्य होते. ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाल्याचा गुलाल अजून पुरता पुसला गेला नव्हता, आणि ज्या डोंगरांच्या कुशीत हे नवे राज्य वसले आहे त्या डोंगरांची विचारपूस करीत काही माणसे दोन दिशांनी आपल्या दारी येत आहेत, याची जाणीव फार थोड्यांना होती.

त्या पदयात्रेची आठवण जेव्हा जेव्हा निघते तेव्हा ती समारोपाची निघते. रामनाथीची परिषद, तेथील भाषणे, तेथील ठराव. आम्हांस मात्र पुष्कळदा वाटते की, त्या प्रवासातील अधिक मोलाचा भाग समारोपात नसून आरंभीच्या दोनतीन आठवड्यांत आहे. लांब पल्ल्याच्या कोणत्याही पायी प्रवासात माणसाची खरी परीक्षा तेथे होते, आणि तो डोंगर पाहण्यास लायक ठरतो की नाही याचा निकालही तेथेच लागतो. हे आज लिहावयाचे कारण असे की, दिवाळी सरली म्हणजे हल्ली गोव्यातील आणि तळकोकणातील कितीतरी तरुणतरुणी पाठीवर पिशव्या बांधून सह्याद्रीत शिरू लागली आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. दुसरे कारण तितकेसे आनंदाचे नाही. ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी कोणीही चालतो. उत्साह असतो, निरोप देणारी मंडळी असतात, नवी पादत्राणे असतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलू लागतात. तिसऱ्या दिवशी टाचेवर आणि करंगळीच्या मुळाशी पहिला फोड दिसतो, आणि त्यानंतर सारे जग त्या रुपयाएवढ्या जागेत येऊन मावते. समोर साल्हेरचा कडा असो की सप्तशृंगीचा डोंगर, चालणाऱ्याचे लक्ष पुढचे पाऊल कोठे टेकावे एवढ्यातच गुंतलेले. पाय सुजतात, बोटे पसरतात, घरी बेताचे वाटलेले पादत्राण आठ दिवसांत आवळू लागते. म्हणूनच जाणती माणसे नेहमीपेक्षा थोडे मोठे माप घेतात. स्नायू तुलनेने लवकर वठणीवर येतात, परंतु त्यांना हाडांशी जखडणारे कंडरे सावकाश मजबूत होतात. या अंतरातच पुष्कळ फसगत होते. दुसऱ्या आठवड्यात अंगात बळ आल्यासारखे वाटते, माणूस एका दिवसात दोन दिवसांची मजल मारावयास जातो, आणि गुडघा किंवा घोट्यामागची शीर धरली की तेथेच त्याचा प्रवास आटोपतो. पहिल्या पंधरवड्यात कमी चालावे, हा नियम शहाण्यासुरत्या माणसालाही पाळवत नाही, कारण तो पाळण्यासाठी पायांपेक्षा मनावर ताबा लागतो.

पोटाचेही तसेच. पहिले काही दिवस श्रमाने भूक मरते. पुढे ती अशी खवळते की, ताटात काय पडते आहे हे पाहण्याचेही भान राहत नाही. उकड्या तांदळाची पेज आणि खाराची मिरची यांत पक्वान्नाची गोडी लागते. झोपेची रीत त्याच्या उलट. पहिल्या रात्री परक्या जागेत डोळा लागत नाही, दहाव्या रात्री देवळाच्या फरशीवर पाठ टेकली की सकाळ होते. तळपायाच्या भेगांना आमच्याकडे कोकमाचे तेल, म्हणजे भिरंडेल, लावण्याची रीत आहे. त्याचा पांढरा गोळा दिव्यावर ऊन करून भेगेत सोडला की झोंबते खरे, पण सकाळी पाऊल टेकवते. ज्यांच्या आजीने हे केले असेल त्यांना निराळे सांगावयास नको. बाजारात मिळणाऱ्या परदेशी मलमांच्या यादीत ते नाव आढळणार नाही, एवढेच.

आणि ओझे. घरून निघताना माणूस आपल्या भीतीचे गाठोडे बांधतो. पाऊस आला तर, थंडी वाजली तर, दिवा विझला तर. प्रत्येक ‘तर’चे एकेक वस्तुरूप पिशवीत जाते. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार पाठीवर असू नये असे या विषयातले जाणकार सांगतात. आठदहा दिवसांत बहुतेकांना तेही जास्त वाटू लागते, आणि वाटेतल्या गावांत वस्तू वाटल्या जाऊ लागतात. नर्मदा परिक्रमेच्या परंपरेने या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी आणि फार कठोरपणे लावला होता. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयास भिल्लांनी लुटावे, अंगावरच्या वस्त्राखेरीज काही उरू देऊ नये, आणि त्याने ते मैयेची इच्छा मानून पुढे जावे, असा संकेतच होता. ही झाडी नवापूरपासून फार दूर नाही. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकानंतर मराठी माणसांचा ओघ त्या वाटेला लागला. सव्वीसशे किलोमीटरांच्या आसपासची ती फेरी, नदी उजव्या हाताला ठेवून. सरदार सरोवराच्या पाण्याखाली त्या झाडीतली कितीतरी वाट आणि वस्ती गेली, आणि लुटणारेच विस्थापित झाले, हा इतिहासातील एक विचित्र उलटा न्याय म्हणावयाचा.

आरंभीच्या आठवड्यांत किती माणसे परततात याचा अंदाज अमेरिकेतील ॲपलेशियन वाटेवरून येतो. चौदा राज्यांतून जाणारी ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची पायवाट एका दमात पुरी करावयाची म्हणून दरवर्षी हजारो लोक निघतात. शेवटास पोहोचतात ते चौघांत एक, आणि गळणाऱ्यांपैकी पुष्कळसे पहिल्या काही आठवड्यांतच गळतात. १९५५ साली एम्मा गेटवुड नावाची सदुसष्ट वर्षांची आजीबाई कापडी बूट घालून आणि हाताने शिवलेली झोळी खांद्यावर टाकून ती वाट एकटीने चालून गेली. तिची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्याच्या आदल्या वर्षी ती पहिल्याच काही दिवसांत वाट चुकली, चष्मा फोडून बसली आणि वनरक्षकांनी तिला घरी धाडले, हे कमी सांगितले जाते. वास्तविक दुसरी कथा पहिल्या कथेखेरीज उभी राहत नाही.

१९३० च्या दांडीयात्रेत चोवीस दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालावयाचे होते. दिवसाला दहाबारा मैल, सकाळ-संध्याकाळ अशा दोन मजला, आणि सोमवारी विश्रांती. साबरमतीहून निघालेल्या निवडक सत्याग्रहींत बहुसंख्य तरुण होते. त्यांपैकी कित्येकांचे पाय फोडांनी भरले, काही आजारी पडले. एकसष्टाव्या वर्षात चालणारे गांधीजी मात्र पुढे असत आणि मागे पडणाऱ्यांची थट्टाही करीत. त्यांच्यासाठी एक घोडा बरोबर ठेवला होता, त्याचा उपयोग त्यांनी केला नाही. रोज चालण्याची चाळीस वर्षांची सवय त्यांच्या पायांत होती; त्यांचे पहिले आठवडे केव्हाच, दक्षिण आफ्रिकेत, होऊन गेले होते. त्या यात्रेत आश्रमाचे गायनाचार्य पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, ही मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. चालत्या समूहाला श्वासाची लय लागते, ती तानपुऱ्यापाशी बसलेल्या माणसाने पुरविली.

ही लय आमच्या वारीला शतकानुशतके ठाऊक आहे. आळंदीहून निघालेली पालखी पंढरीस पोहोचावयाला तीन आठवडे घेते. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, अंथरूण-पांघरूण दिंडीच्या वाहनात, आणि ओठांवर अभंग, म्हणजे पावलाला ताल. पहिल्यांदा जाणाऱ्याला पहिले दिवस जड जाऊ नयेत याची एवढी व्यवस्था कोणत्याही प्रवासी मंडळाने केलेली नाही. आमच्या साखळी, डिचोली, पेडणे या भागांतूनही आषाढीच्या आधी दिंड्या पायी निघतात. त्यांना तर ऐन मृगाच्या पावसात घाट चढून वर जावयाचे असते. खाली वाळवंटीच्या काठचा विठ्ठल, वर भीमेच्या काठचा, आणि दोहोंच्या मध्ये सह्याद्रीची भिंत. ही मंडळी ‘ट्रेकिंग’ हा शब्द वापरीत नाहीत. पंधरावीस दिवस चालून येतात आणि दुसऱ्या दिवशी शेतात उतरतात.

घाट पायी ओलांडणे ही गोष्ट फोंड्याला तर मुळीच नवी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टी-तिसवाडीतील देवळे पाडावयास प्रारंभ केला तेव्हा कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ असे देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. ते रथातून आले नाहीत, भाविकांच्या डोक्या-खांद्यांवरून आले. फोंडा हे अशा रीतीने चालून आलेल्यांचे गाव आहे. पदयात्रेच्या संयोजकांनी रामनाथी निवडली तेव्हा त्यांच्या मनात हे होते की नाही ते सोडून देऊ. जागा योग्य निवडली गेली यात शंका नाही.

आता नवापूरकडे वळू. महाराष्ट्र-गुजरात सीमा जेथे रेल्वेच्या फलाटावरून जाते ते हे गाव. अर्धे स्थानक एका राज्यात, अर्धे दुसऱ्यात. भोवती भिल्ल, गावित, कोकणा या आदिवासींची वस्ती. साग आणि मोह यांचा मुलूख. तेथून दक्षिणेकडे डोंगर चढत जातात आणि बागलाण-कळवणच्या भागात साल्हेरला १५६७ मीटरांची उंची गाठतात. ते वर्ष अवर्षणाचे होते. १९८७ चा पावसाळा देशाच्या मोठ्या भागाला कोरडा गेला, आणि उत्तरेची तुकडी निघाली ती अशा वर्षाच्या नोव्हेंबरात. कार्तिकी एकादशीचे ते दिवस. पंढरीत मेळा भरलेला, आणि इकडे नागली-वरईच्या खळ्यांवर पीक बेताचे. पावसाने दगा दिलेल्या वर्षात उघड्याबोडक्या डोंगरावरून चालणे म्हणजे डोंगराची प्रकृती त्याच्या आजारपणात तपासणे. झाड जेथे टिकले आहे तेथे झरा वाहतो, जेथे तुटले आहे तेथे बाई हंडा घेऊन कोसभर जाते, एवढी सरळ गोष्ट शिकावयाला एरवी ग्रंथ चाळावे लागतात.

दक्षिणेच्या तुकडीपुढे याच्या अगदी उलट ऋतू होता. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे पाऊस संपलेला. कन्याकुमारी-नागरकोविलकडे तो ईशान्य मोसमी पावसाचा महिना. घाटाच्या एका टोकाला माणसे पाण्याच्या शोधात, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या हंगामात. आणि पर्वत तोच, पुरा सोळाशे किलोमीटरांचा, मध्ये पालघाटची एकच रुंद खिंड सोडली तर सलग. दक्षिणेत महेंद्रगिरी-अगस्त्यमलैच्या जंगलांशेजारी रबराचे आणि चहाचे मळे. दुरून सारेच हिरवे. हिरव्या-हिरव्यातील हा फरक विमानातून दिसत नाही, मोटारीतूनही क्वचितच दिसतो. रबराच्या मळ्यात पक्षी फारसा बोलत नाही हे कळावयाला त्या मळ्यातून तासभर चालावे लागते, आणि मुख्य म्हणजे त्या तासभरात आपल्या फोडांची आठवण न येण्याइतके पाय निबर व्हावे लागतात.

आमच्या म्हणण्याचा गाभा तो हाच आहे. पहिला पंधरवडा माणूस स्वतःला पाहतो. दुखते कोठे, तहान केव्हा लागते, रात्री कोण घोरतो, भाकरी कोणाला जास्त मिळाली. शंभर दिवसांच्या सहवासात निघालेल्या माणसांत या काळात जेवढी भांडणे होतात तेवढी पुढे कधी होत नाहीत, आणि ती सारी अशा क्षुल्लक कारणांवरून होतात की नंतर सांगावयाची लाज वाटावी. मग एखाद्या सकाळी पाय आपोआप चालू लागतात, आणि डोळे मोकळे होतात. तेथून पुढे डोंगर दिसावयास लागतो. जो दुसऱ्या आठवड्यात परतला त्याने सह्याद्री पाहिला असे म्हणता येत नाही.

नकाशावर नुसती फूटपट्टी धरली तर नवापूर ते फोंडा हे अंतर सव्वासहाशे किलोमीटरांहून अधिक आहे; कन्याकुमारी ते फोंडा नऊशेच्या आसपास. प्रत्यक्ष वळणावळणांची वाट त्याहून पुष्कळ लांब. तरीदेखील तीन महिन्यांच्या हिशेबात हा वेग कूर्मगतीचाच म्हणावा लागेल. कोणीही कसलेला पदयात्री ते निम्म्या दिवसांत उरकील. परंतु त्यांना उरकावयाचे नव्हते. गावात थांबावयाचे, बोलावयाचे, ऐकावयाचे, कोणते झाड कोणी तोडले आणि पैसा कोठे गेला हे समजून घ्यावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. तो काळही तसा होता. सुंदरलाल बहुगुणा १९८१ ते १९८३ या काळात काश्मीर ते कोहिमा असा हिमालय पायी चालून आले होते. केरळात सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाच्या तोंडून सुटून १९८५ साली राष्ट्रीय उद्यान झाले होते. १९८३ मध्ये आमच्या शेजारी, शिरसी तालुक्यातील सळकणीला, लोकांनी झाडांना कवटाळून ‘अप्पिको’ आंदोलन उभारले होते. बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून तरुणांना घेऊन भारत जोडण्यासाठी प्रस्थान ठेवले. ती मोहीम सायकलींवरची होती, पण हवा एकच होती. प्रश्न समजण्यासाठी त्या प्रश्नापर्यंत स्वतः जावे लागते, असे मानणारी ती पिढी.

त्या चालण्याचे फळ उशिरा पण निश्चित आले. पश्चिम घाटासाठी काम करणाऱ्यांचे ते जाळे पुढे विरत गेले, पुन्हा जुळले, आणि २०१० च्या फेब्रुवारीत निलगिरीतील कोटागिरीला भरलेल्या त्यांच्या मेळाव्यास तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश उपस्थित राहिले. पुढच्याच महिन्यात माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमिती नियुक्त झाली. तिने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. अहवालात संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले होते, आणि कोणत्या स्तरात काय चालावे याचा निर्णय ग्रामसभांपर्यंत नेऊन चर्चेने व्हावा असे सुचविले होते. मंत्रालयाने तो अहवाल दाबून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली झगडा होऊन तो मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. तोवर त्याच्याविषयी अफवा गावोगाव पोहोचल्या होत्या. अहवाल मागून, तोही इंग्रजीत. मग कस्तुरीरंगन समिती आली. तिने २०१३ मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नैसर्गिक व मानवी असे भूभाग वेगळे काढून घाटाचा सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील ठरविला. त्यावर २०१४ पासून अधिसूचनांचे मसुदे निघत गेले. ३१ जुलै २०२४ रोजी निघाला तो सहावा. त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

त्या मसुद्याच्या आदल्याच दिवशी, ३० जुलैला पहाटे, वायनाडमधील मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्या डोंगराखाली गाडल्या गेल्या. नेमक्या दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ रोजी, पुणे जिल्ह्यातील माळीण याच रीतीने नाहीसे झाले होते; दीडशेवर माणसे एका सकाळी गेली. मध्ये २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये, २०२३ मध्ये खालापूरची इरशाळवाडी. आमच्या सत्तरीतही २०२१ च्या जुलैत दरडी कोसळल्या. जीवितहानीच्या बाबतीत आम्ही दैववान ठरलो, एवढेच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. सत्तरीचा, सांग्याचा, काणकोणचा शेतकरी या मसुद्यांना विरोध करतो तेव्हा त्याला निसर्गाचा शत्रू ठरविण्याची शहरात चढाओढ लागते. आम्ही त्या मताचे नाही. ज्याच्या कुळाच्या जमिनीचा कागद पिढ्यान्‌पिढ्या झाला नाही, ज्याच्या काजूच्या बागेवर उद्या वनखात्याचा दगड उभा राहील अशी धास्ती आहे, त्याने परक्या भाषेतल्या नकाशाला भ्यावे यात नवल नाही. २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतची अभयारण्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करण्याचा आदेश दिला, तेव्हाही हेच झाले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि गावकऱ्यापर्यंत पोहोचली ती धास्तीच. १९८७ च्या पदयात्रींनी गावागावांतून थांबत जाऊन जे केले ते नंतरच्या कोणीही केले नाही. नकाशे करणारे उपग्रहावरून पाहत होते. नकाशांना विरोध करणारे पुढारी मोटारीच्या काचेतून. खाण चालविणाऱ्यांनी मात्र डोंगर जवळून पाहिला, हे कबूल केले पाहिजे. डिचोलीच्या लोकांना त्याचा अनुभव आहे. १८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले, त्याआधी किती टेकड्या तळ्यांत रूपांतरित झाल्या होत्या हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही.

पेडण्याचा वाचक कदाचित म्हणेल की, घाट आमच्यापासून लांब, आमच्याकडे समुद्र आणि आता मोपाचा विमानतळ. त्याने आपल्या शेतातल्या पाटाचा माग काढावा. पेडण्याला आणि डिचोलीला येणारे तिळारीचे पाणी दोडामार्गच्या वरच्या डोंगरांत जन्मते. फोंड्याचा आणि पणजीचा नागरिक नळ उघडतो तेव्हा ओपाच्या केंद्रातून येणारे जे पाणी त्याच्या भांड्यात पडते, ते खांडेपार नदीचे. आणि खांडेपारला ते मिळते मोलेच्या अरण्यातून, दूधसागराच्या वाटेने. तेच मोले, जेथे रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि विजेच्या तारांचा पट्टा या तीन प्रकल्पांवरून २०२० साली गोव्यातले तरुण रात्री मेणबत्त्या घेऊन उभे राहिले होते.

त्या तरुणांकडून आम्हांस आशा आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी थोडा वादही आहे. शनिवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परतणे, धबधब्याखाली छायाचित्र काढणे, याला आमची हरकत नाही. तारुण्याला तेवढी मौज असलीच पाहिजे. परंतु दोन दिवसांत फोडसुद्धा नीट येत नाही. गोव्याच्या वाट्याला आलेला घाट उत्तरेस चोर्ल्याच्या बाजूने सुरू होऊन दक्षिणेस काणकोणच्या सीमेपर्यंत जातो. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये जवळजवळ एकमेकांना चिकटून त्या साऱ्या लांबीवर पसरली आहेत. सारे गोवे उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटरांचे. रोज सातआठ किलोमीटर चालून, प्रत्येक वाड्यावर थांबून, ही वाट तीन आठवड्यांत सहज होईल, आणि त्यातला शेवटचा आठवडा तरी डोळे उघडे ठेवून होईल. आमच्या महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे एकाच गावच्या शाळेत भरविण्याऐवजी एखाद्या वर्षी ती अशी चालती करून पाहावीत. भूगोलाचा, वनस्पतिशास्त्राचा आणि मराठी-कोंकणीचाही प्राध्यापक बरोबर असावा. झऱ्यांची, देवरायांची आणि डोंगरवाटांची गावात चालणारी नावे टिपून घ्यावयाची राहिली आहेत, आणि ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

विधानसभेच्या चाळीस सदस्यांनाही हे निमंत्रण समजावे. त्यांच्यापैकी कित्येकजण सत्तरी-सांग्यातून निवडून येतात आणि मतदारसंघ ‘पायाखाली घातला’ असे निवडणुकीत सांगतात. संवेदनशील क्षेत्रातून कोणती गावे वगळावीत याचे अर्ज पणजीहून दिल्लीला जाण्यापूर्वी, ज्यांच्या सह्या त्या अर्जांवर व्हावयाच्या त्यांनी त्या गावांतून निदान पंधरा दिवस चालावे. सोबत वाहन नको, घोडाही नको. पहिल्या आठवड्यात ते आमच्यावर रागावतील. तो राग फोडांचा असतो.

ऋतू मात्र सांभाळावा लागेल. तुळशीच्या लग्नानंतर वाटा वाळतात, झऱ्यांना पाणी असते, आणि रानातले गवत अजून उभे असते. फाल्गुनानंतर वणव्यांचे भय आणि पाण्याची ओढ. अभयारण्यांतून जावयाला वनखात्याची परवानगी लागते, मुक्कामासाठी मंदिराच्या अग्रशाळा आणि प्राथमिक शाळा पुरतात, आणि प्रत्येक तालुक्यात वाट दाखवावयाला गावडा-वेळीप-धनगर मंडळींपैकी एखादा जाणता सोबत घ्यावा. तो नकाशा काढीत नाही. पण कोणत्या खिंडीत चैत्रातही पाणी असते हे त्याला विचारावे.